वस्तू कधी हलते, कधी थांबते, कधी तशीच जात राहते: संतुलित-असंतुलित बल घरच्या सामानावर कसं शिकवायचं

चौथी ते सातवीतल्या पोरांना विचारून बघा, टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर किती बलं काम करतायत? बहुतेक जण म्हणणार, एकपण नाही, ते गप पडलंय की. मग विचारा, विजापूर रोडनं सरळ, एकाच स्पीडनं चाललेल्या एसटीवर कुठल्या बाजूचं बल जास्त आहे? पुढच्या, म्हणून तर ती पुढं चाललीय. ही दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि ती फक्त लहान मुलंच देतात असं नाही, कॉलेजातली पोरंपण देतात, कारण व्याख्या पाठ झालेली असते पण हाताला ओढ कधी जाणवलेली नसते. म्हणून हे सगळं घरी करून घ्यायचं. सोलापुरातल्या कुठल्याही घरात मिळेल अशाच वस्तूंवर खाली लिहिलंय, सगळं एका दिवसात उरकायची घाई करू नका, रविवारी एक-दोन प्रयोग बास झाले.

आधी सामान गोळा करा. चपलांचा रिकामा खोका, किलोभर ज्वारी किंवा तांदूळ पिशवीत बांधून, एकाच पाकिटातले सारखे रबरबँड, सुतळी, पट्टी, मोजायचा टेप, चाकं मोकळी फिरणारी खेळण्यातली गाडी, एक लिटरची पाण्याची बाटली, बादली, एक सोलापुरी चादर, एक टर्किश टॉवेल, कॅरम बोर्ड आणि पावडर, थोडे कागदी द्रोण. शिवाय एक ताणकाटा लागेल, म्हणजे हुक अडकवून वजन करायचा स्प्रिंगचा काटा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सामानाच्या बॅगा मोजायचा डिजिटल काटा घेऊ नका, त्यातले बरेच काटे आकडा स्थिर झाला की तोच धरून ठेवतात आणि आपल्याला तर बदलणारा आकडाच बघायचाय.

पहिलं काम: बाण काढायला शिकवा

बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं, एवढीच व्याख्या सुरुवातीला पुरे. पण प्रत्येक बलाला दोन गोष्टी असतात, किती आणि कुठल्या दिशेनं, आणि या दोन्ही एकदम दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे बाण. जास्त बल तर लांब बाण, कमी बल तर आखूड. मुलाला सवय लावा की कुठलीही वस्तू दिसली की आधी विचारायचं, हिला कोण कोण ओढतंय, कोण कोण ढकलतंय? प्रत्येकासाठी एक बाण. ती हलते का नाही हे नंतर. बाण न काढता उत्तर द्यायचं नाही, हा नियम कडक ठेवा, मी सांगते याच्याइतका उपयोगी नियम या धड्यात दुसरा नाही.

आता पुस्तकाकडे या. पृथ्वी त्याला खाली ओढतेय, हे मुलं पटकन मान्य करतात. मग ते खाली का जात नाही? टेबल वर ढकलतंय म्हणून. हे मात्र पटत नाही, टेबल कसं ढकलणार, त्याला काय हात आहेत का? इथं वाद घालू नका, मुलाला हात पुढं करायला सांगा आणि तळव्यावर ते पुस्तक ठेवा, त्यावर अजून एक, अजून एक. हात खाली जाऊ द्यायचा नाही. थोड्या वेळात हात थरथरायला लागतो आणि मूल स्वतःच म्हणतं की मी वर ढकलतोय. जे हात करतोय तेच टेबल करतं. खालचा बाण आणि वरचा बाण सारखेच लांब, दिशा उलट, दोघांनी एकमेकांना फिटवलं, शिल्लक शून्य. याला म्हणायचं संतुलित बलं. शिल्लक उरली तर असंतुलित. बल नसणं वेगळं आणि असलेली बलं फिटणं वेगळं, हा फरक पोरांच्या तोंडून येईपर्यंत पुढं जाऊ नका.

बाटली आणि ताणकाटा

एक लिटरची बाटली तोंडापर्यंत पाण्यानं भरा, हवा राहू देऊ नका, झाकण घट्ट लावा, गळ्याला सुतळी बांधून काट्याला लटकवा. काटा साधारण एक किलो दाखवेल. शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात, आणि एक किलोच्या वस्तूला पृथ्वी साधारण ९.८ न्यूटननं खाली ओढते, मुलांसाठी दहा धरा. म्हणजे खाली दहा, हुक वर दहा, बाटली स्थिर.

मग ती बाटली हळूहळू बादलीतल्या पाण्यात सोडा. काट्यावरचा आकडा उतरत जातो आणि बाटली पूर्ण बुडाली की जवळजवळ शून्यावर येतो. मुलांचे डोळे मोठे होतात इथं! विचारा, पृथ्वीनं ओढायचं बंद केलं का? नाही. मग? पाणी वर ढकलतंय. खालचा बाण तेवढाच, वरचे बाण आता दोन, एक हुकाचा आणि एक पाण्याचा, त्यांची बेरीज परत दहाच. विहिरीवर पाण्यातला पोहरा हलका लागतो आणि पाण्याबाहेर आला की एकदम जड होतो ते याचमुळं, घरातल्या आजीला विचारा, ती हातानं अनुभवलेलं सांगेल.

याच बाटलीचा पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. काटा आणि बाटली घेऊन लिफ्टमध्ये जा, अपार्टमेंटची, दुकानाची, कुठलीही. लिफ्ट उभी असताना आकडा बघा, एक किलो. वर जायचं बटण दाबा आणि डोळे काट्यावरून हटवू नका. लिफ्ट सुटते त्या क्षणी काटा एकच्या थोडा पुढं जातो, मग लगेच एकवर येऊन उभा राहतो, आणि वरचा मजला आला की क्षणभर एकच्या खाली येतो. मोबाईलवर व्हिडिओ काढला तर अजून बरं, घरी सावकाश बघता येतं. आता तो मधला भाग बघा, लिफ्ट चालू आहे, बाटली वर चाललीय, आणि काटा तरीही तोच आकडा दाखवतोय जो लिफ्ट उभी असताना दाखवत होता. म्हणजे चालत असतानापण खाली दहा, वर दहा, बलं संतुलितच! वरचं बल जास्त होतं ते फक्त सुटताना, जेव्हा वेग वाढत होता. आणि थांबताना वरचं बल कमी पडलं, म्हणून वेग कमी झाला.

थोडक्यात असंतुलित बल गती बदलायला लागतं, गती चालू ठेवायला नाही. एसटीचं उत्तरपण इथंच मिळालं, सरळ रस्त्यावर एकाच स्पीडनं चाललेल्या एसटीला इंजिनाच्या जोरावर पुढं मिळणारं बल आणि हवा-रस्ता मिळून मागं ओढणारं बल सारखंच असतं. ड्रायव्हरनं अॅक्सिलरेटर दाबला की पुढचं वाढतं, ब्रेक दाबला की मागचं वाढतं, आणि आपण सीटवर तेव्हाच मागंपुढं होतो.

खोका आणि रबरबँड

शहाबादी फरशीवर खोका ठेवा, आत ज्वारीची पिशवी. दोन्ही बाजूंना भोक पाडून सुतळीची छोटी गाठ आणि त्यात रबरबँड अडकवा, दोन्हीकडे एकाच पाकिटातला. एका बाजूला एक मूल, दुसऱ्या बाजूला दुसरं. पट्टीनं मोजून दोघांनी रबर सारखाच ताणायचा, समजा १२ सेंटिमीटर. खोका जागचा हलत नाही. रबर जितका जास्त ताणला तितकं बल जास्त, त्यामुळं इथं बाणांची लांबी मुलांना समोर दिसतेय.

आता एकानं थोडं जास्त ताणायचं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणं खोका लगेच सरकायला पाहिजे, पण बऱ्याचदा सरकत नाही, आणि मग मोठी माणसं घाईनं जोरात ओढून दाखवतात. असं करू नका, तो क्षण सोन्यासारखा आहे. दोन रबर सारखे ताणलेले नाहीत तरी खोका स्थिर, म्हणजे अजून कोणीतरी आहे जो कमजोर बाजूला मदत करतोय. कोण? मुलांना शोधू द्या. फरशी आणि खोक्याच्या तळातलं घर्षण. ते आपणहून कधीच ओढत नाही, पण कोणी ओढायला लागलं की तेवढ्याच जोरानं अडवतं, एका हद्दीपर्यंत. ती हद्द ओलांडली की खोका सुटतो. खात्री करायची असेल तर खोक्याखाली गोल पेन्सिली आडव्या टाका आणि परत करा, आता रबरांत थोडासा फरक पडला तरी खोका घरंगळतो, कारण अडवणारा जवळजवळ गेला.

इथंच आकडे लिहायची सवय लावा. उजवीकडे ३० न्यूटन, डावीकडे २० न्यूटन, घर्षण नाही असं धरलं तर शिल्लक १० न्यूटन, उजवीकडे. दोघं एकाच बाजूला ओढत असतील तर बेरीज, ५०. उजवीकडे ३० आणि डावीकडेपण ३०, तर शून्य. दिशा लिहायला विसरलं तर उत्तर अर्धंच, हे आत्तापासून अंगवळणी पडलं तर आठवीत बल आणि दाब शिकताना त्रास होत नाही.

त्याच खोक्याला एका बाजूनं ताणकाटा लावून हळूहळू ओढायलापण सांगा. सुटायच्या आधी काटा बराच पुढं जातो आणि सरकायला लागला की थोडा मागं येतो. मार्केट यार्डात कांद्याचं पोतं ओढणाऱ्या हमालाला हे शिकवावं लागत नाही, पहिला झटका जड, मग सरकत ठेवलं की बरं, मध्ये थांबलं की परत पहिल्यासारखं जड.

चादरीवरची गाडी

एक वही दोन पुस्तकांवर टेकवून उतार करा. उताराच्या तोंडाशी चादर पसरा, सुरकुत्या काढून, आणि गाडी उताराच्या वरच्या टोकाला धरून नुसती सोडा, ढकलायची नाही. जिथं थांबली तिथपर्यंत टेपनं मोजा. मग चादर काढून टॉवेल, मग नुसती फरशी. प्रत्येक ठिकाणी तीनदा करून मधला आकडा घ्या, एकदाच करून निष्कर्ष काढू देऊ नका. उतार तोच, गाडी तीच, सुटतानाचा वेग तोच, फक्त खालचा पृष्ठभाग बदलला आणि अंतर किती बदललं बघा.

मग प्रश्न: गाडी का थांबली? पोरं म्हणतात, तिच्यातलं बल संपलं. हेच ते मूळ दुखणं. बल गाडीच्या पोटात भरलेलं नसतं, पेट्रोलसारखं संपायला! उतारावरून खाली आल्यावर तिला पुढं कोणीच ढकलत नाहीये, मागं ओढणारं घर्षण तेवढं आहे आणि त्याला फिटवणारं समोर कोणी नाही, म्हणजे शिल्लक मागच्या दिशेला, म्हणून वेग कमी कमी होत गेला. बल संपल्यामुळं ती थांबली नाही, बल असल्यामुळं थांबली. हे वाक्य मुलाला त्याच्या शब्दांत सांगायला लावा.

कॅरमवर हे अजून छान दिसतं. पावडर न टाकता स्ट्रायकर मारा, मग पावडर टाकून तेवढ्याच टिचकीनं मारा. आता डोळे मिटून कल्पना करायला सांगा, बोर्ड अजून गुळगुळीत, अजून गुळगुळीत, शेवटी अजिबात घर्षण नाही आणि कडापण नाहीत, स्ट्रायकर कुठं थांबेल? थांबणारच नाही. गॅलिलिओनं उतारावरून चेंडू सोडून असाच विचार केला होता, आणि १६८७ मध्ये न्यूटननं तोच गतीचा पहिला नियम म्हणून मांडला: असंतुलित बल लागलं नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगानं सरळ रेषेत चालत राहते. मुलांना खरं उदाहरण पाहिजे असतं, तर व्हॉयेजर १ सांगा. १९७७ मध्ये सोडलेलं हे यान आज सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे, सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगानं चाललंय, आणि त्याला पुढं ढकलणारं इंजिन चालू नाहीये. तिकडं अडवायला हवा नाही, रस्ता नाही.

द्रोण

जेवणावळीतला कागदी द्रोण घ्या, खुर्चीवर उभं राहून तोंड वर ठेवून सोडा, लहान मुलाला खुर्चीवर चढवू नका. सुटताना वेग वाढतो आणि लगेच तो एकाच संथ चालीनं खाली यायला लागतो. वेग वाढायचा थांबला म्हणजे? हवेनं वर ढकलायचं बल वाढत वाढत वजनाइतकं झालं, फिटलं. खाली पडतोय आणि तरी बलं संतुलित! मग दोन द्रोण एकात एक बसवून सोडा, जास्त वेगानं खाली येतात, कारण वजन दुप्पट झालं आणि तेवढं फिटवायला हवेला जास्त वेग लागतो. पॅराशूटचंपण हेच आहे.

सारखी बलं, तरी वस्तू फिरते

हा भाग शाळेत सहसा घेत नाहीत पण पोरं हुशार असतील तर घ्याच. टेबलावर वही ठेवा, एका बोटानं तिचा वरचा डावा कोपरा उजवीकडे ढकला आणि दुसऱ्या बोटानं खालचा उजवा कोपरा तेवढ्याच जोरानं डावीकडे. बलं सारखी, दिशा उलट, वही पुढंमागं कुठंच जात नाही पण जागच्या जागी गर्रकन फिरते. म्हणजे पूर्ण संतुलनाला तिसरी अटपण लागते, दोन्ही बलं एकाच रेषेत हवीत.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा मुलांना काठी पेलणाऱ्याच्या पायांकडे बघायला सांगा, सगळे वर शेंड्याकडे बघतात. काठी सरळ उभी असते तेव्हा तिचं वजन खाली आणि पेलणाऱ्याचा जोर वर, दोन्ही एका रेषेत. काठी जरा कलली की वजनाची रेषा बाजूला सरकते, बलं सारखी असली तरी काठी फिरायला म्हणजे पडायला बघते, आणि तो बाराबंदीतला माणूस लगेच पाऊल तिकडं टाकून परत तिच्या खाली जातो. अंगात ताकद लागतेच, पण ही रेषा सांभाळायचं कसब वर्षानुवर्षांच्या सरावानं येतं. घरी झाडू तळहातावर उभा तोलून बघा, एका मिनिटात सगळं कळतं.

रस्सीखेच, पण जरा वेगळी

दोन मुलं, एक दणकट आणि एक किरकोळ. दणकट मुलाला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं करा, किरकोळ मुलाला रबरी तळाचे बूट घालून. दोरी ओढू द्या, आजूबाजूला टेबलाचे कोपरे नाहीत ना बघा. बऱ्याच वेळा किरकोळ मूल जिंकतं आणि मग घरात जो दंगा होतो तो वेगळाच. आता बाण काढा. दोरी दोघांनाही सारख्याच जोरानं ओढते, फरक दोरीत नाहीच, पायाखाली आहे. बूटवाल्याला फरशी दोरीइतकंच मागं धरून ठेवते, त्याची बलं फिटतात. मोजेवाल्याला फरशी तेवढं धरू शकत नाही, शिल्लक पुढं उरते आणि तो घसरत जातो.

इथं एक काळजी घ्या. बाण नेहमी एकाच वस्तूवरचे मोजायचे. अ नं ब ला ओढलं आणि ब नं अ ला ओढलं, हे दोन बाण दोन वेगळ्या मुलांवर आहेत, ते एकमेकांना फिटवत नाहीत. मोठ्या वर्गातली पोरं इथंच अडकतात आणि विचारतात की क्रिया-प्रतिक्रिया सारखी असते तर काहीच हलायला नको. प्रत्येक मुलासाठी वेगळं चित्र काढलं की हा घोळ होत नाही.

शेवटी तपासायचे प्रश्न

व्याख्या विचारू नका. असं विचारा आणि बाण काढून मागा. छताला टांगलेला पंखा, बंद असताना? खाली वजन, वर दांड्याची ओढ, संतुलित. सायकल पायडल न मारता होटगी रोडला सरळ सपाट रस्त्यावर हळू होत चाललीय? पुढं कोणी नाही, मागं घर्षण आणि हवा, असंतुलित. सात रस्त्याला रिक्षा वेग न बदलता वळली? इथं मुलं फसतात, वेग तोच आहे म्हणून संतुलित म्हणतात, पण दिशा बदलली म्हणजे गती बदलली, रस्ता टायरना वळणाच्या आतल्या बाजूला ढकलतोय, म्हणजे असंतुलित.

आणि हा सगळ्यात अवघड, शेवटालाच ठेवा. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, त्या क्षणी बलं संतुलित आहेत का? थांबलाय म्हणून हो म्हणतील. बाण काढायला लावा. हात कधीच सुटलाय, वर ढकलणारं कोणी नाही, पृथ्वीचा एकच बाण खाली. फिटवणारं कोणी नाही म्हणून असंतुलित, आणि म्हणूनच तो तिथं टांगून राहत नाही, पुढच्या क्षणाला खाली यायला लागतो.